शिरपूरच्या रुईवरचा सोंडकिडा

वाशीम जिल्ह्यात मी तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मला गव्हाच्या दोन दाण्यांएवढा एक किडा हवा होता, आणि तो सोंडेसकट हवा होता. कारण पहिल्याची सोंड मीच मोडली होती.

ते आधी सांगते. मागच्या उन्हाळ्यात वर्गमैत्रिणीच्या लग्नाला मी मालेगावला गेले होते. आमच्या बार्शीकडे मालेगाव म्हटलं की सगळे नाशिककडचं समजतात. हे वाशीमच्या रस्त्यावरचं. बसथांब्यामागे रुईचं एक झुडूप होतं. त्याच्या हिरव्या बोंडावर हा किडा बसलेला दिसला. अंगावर पीठ शिंपडल्यासारखा, आणि तोंडापुढे लांब, खाली वाकलेली सोंड. मी त्याला काडेपेटीत घालून नेलं. माझा एम.एस्सी.चा प्रबंध रानातल्या सोंडकिड्यांवर आहे, आणि त्यातल्या किड्यांच्या यादीत रुईवरचा हा एकच होता.

वाळून कडक झालेला किडा ओल्या वाळूवर एक दिवस मऊ करायचा आणि मगच टाचणी लावायची, हे मला शिकवलेलं होतं. मी घाई केली. टाचणी टोचताना डोकं निसटलं आणि सोंड फरशीवर कुठे गेली ते दोन तास शोधूनही सापडलं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी उरलेला भाग एका तज्ज्ञांकडे पाठवला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: सोंड आणि मिशा नसताना नाव सांगता येणार नाही. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "यादी सोमवारी विद्यापीठाकडे जाते. तोवर दुसरा आणलास तर नोंद राहील. नाहीतर ती ओळ खोड."

ओळ खोडणं माझ्या जिवावर आलं होतं. माझे वडील बार्शीच्या आडतीत हमाल आहेत. लहानपणी संध्याकाळी त्यांनी सदरा झटकला की कॉलरमधून ज्वारीतले सोंडे खाली पडायचे आणि मी ते फरशीवर रांगेत लावायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. यादीतली इतर नावं सरांनी किंवा आधीच्या विद्यार्थ्यांनी शोधलेली होती. हा एकच किडा असा होता, जो माझा मला दिसला होता.

मालेगाव, गुरुवार

मैत्रिणीने ओळखीचे रिक्षावाले सलीमभाऊ यांना सांगून ठेवलं होतं. चाळिशीतला माणूस, गळ्यात ओला पंचा, बोलणं थांबत नाही. तर्री पोह्यांच्या गाडीवर त्यांनी मला आधी खायला लावलं. पोह्यांवर लाल रस्सा ओततात हे मला नवीन होतं. आमच्याकडे पोहे कोरडे असतात, फार तर लिंबू. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागून राह्यलं का, मॅडम? अजून तर ऊन तापाचं हाय."

बसथांब्यावर पोचलो तर रुई नव्हती. तिथे नालीसाठी खोदलं होतं आणि मातीचा ढीग पडला होता. मग आम्ही शेतांकडे वळलो. बांधाला इकडे धुरा म्हणतात. उन्हाळ्यात पेरणीपूर्वी धुऱ्यावरचं गवत आणि काटेरी झुडपं पेटवून साफ करतात. मी आले तेव्हा हे काम ऐन भरात होतं. पहिला धुरा काळा, दुसरा काळा, तिसऱ्यावरून अजून धूर निघत होता. रुईचे बुंधे कोळशासारखे उभे होते आणि बोंडं भाजून फुटलेली. एक बोंड उचलून उघडलं. आत कापसासारख्या म्हाताऱ्यांचा जळका गोळा होता, आणि त्यात सोंडकिड्याची अळी. तिचाही कोळसा झाला होता.

नाल्याकाठी बोरीचं एक झाड हिरवं दिसलं. जळत्या रुईवरून किडा तिथे गेला असेल या आशेने मी पिशवीतून पांढऱ्या कापडाची छत्री काढली आणि उलटी करून फांदीखाली धरली.

"छत्री उलटी काहून धरली, मॅडम? पाणी भराचं हाय का?"

मी त्यांना सांगितलं की सोंडकिड्याला धक्का लागला की तो उडत नाही. पाय आणि मिशा पोटाशी घेतो आणि सरळ खाली पडतो. गवतात पडला की गेलाच. म्हणून काठीने फांदीला हलका टोला द्यायचा आणि खाली छत्री धरायची. पडल्यावरही तो मेल्यासारखाच राहतो, कधी मिनिटभर, कधी पाच-दहा मिनिटं. छत्रीत मेलेला दिसला म्हणून फेकून दिला तर आपणच फसतो.

"आमचा मोठा पोरगा सकाळी असाच करते," सलीमभाऊ म्हणाले. "शाळेची गाडी गेली का जिवंत होते."

त्यांनी फांदीला टोला दिला आणि छत्रीत टपटप करड्या रंगाचे किडे पडले. सलीमभाऊ खुश झाले. "झालं ना मग. सोंड हाय, पाहा. चला, रसवंतीवर."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग भिंग लावलं. सोंड होती, पण आखूड आणि जाड, वासराच्या तोंडासारखी. माझ्या किड्याची लांब, वाकडी, टोकाला अगदी बारीक जबडे असलेली. हे करडे सोंडे कुठल्याही झाडावर मिळतात. यादीत ते आधीच होते. मी सलीमभाऊंना भिंगातून दाखवलं की सोंडेवरूनच मिशा निघतात आणि माणसाच्या कोपरासारख्या वाकतात. सोंड कुठवर आहे, कशी आहे आणि मिशी तिच्यावर नेमकी कुठे बसली आहे, यावरून नाव ठरतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे चेहऱ्याशिवाय आधार कार्ड निघत नाही," ते म्हणाले.

दुपार गेली. आणखी चार ठिकाणी रुई सापडली. दोन जळलेल्या, दोन कुऱ्हाडीने तोडलेल्या. उन्हं कलली तेव्हा सलीमभाऊंनी रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतली.

"शिरपूरले एक जागा हाय. जैनाचं घर हाय, धान्याचं दुकान. घरामागं रुईचं रान माजलं. ती बाई कोणाले काडी लावू देत नाही. पण मॅडम, ती तुमाले फांदीले हात लावू देईन का, हे मी सांगत नाही."

शिरपूर, शुक्रवार

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे, त्यामुळे धर्मशाळा मिळाली. पण आदल्या संध्याकाळी आम्ही पोचेपर्यंत सूर्य मावळला होता आणि भोजनशाळा बंद झाली होती. अंधार पडल्यावर दिव्याभोवतीचे जीव अन्नात पडतात, म्हणून तिथे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. आमच्या घरी बाबा आल्याशिवाय, म्हणजे नऊ वाजल्याशिवाय, ताटं मांडली जात नाहीत. मी दोन केळी खाऊन झोपले. नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं बांधलेलं होतं, आणि माझ्या पिशवीत किडे मारायची बाटली होती. ती मी कपड्यांच्या तळाशी सरकवली.

सकाळी त्या घराच्या पुढच्या दाराला कुलूप होतं. मी थांबायला हवं होतं. पण हातात दोनच दिवस होते. बोळातून मागे गेले तर खरोखरच रुईची वीस-पंचवीस झुडपं उभी होती, पानं तळहाताएवढी, बोंडं भरलेली. एका बोंडाला बारीक भोक दिसलं आणि मी विचार न करता ते देठापासून तोडलं. चीक उडाला आणि उजव्या डोळ्यात गेला.

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, हे शाळेतली पोरंही जाणतात. आग झाली आणि मला काही दिसेनासं झालं. मी हात डोळ्याकडे नेला.

"चोळू नको. हात खाली कर. खाली कर म्हणते ना."

कोणीतरी माझं मनगट धरलं, मान तिरकी केली आणि तांब्याने पाणी सोडायला सुरुवात केली. एक तांब्या, दुसरा, चौथा. मी मोजणं सोडलं. दिसायला लागलं तेव्हा समोर पन्नाशीच्या बाई होत्या, पदर खोचलेला, कपाळावर घाम. या त्या घरच्या विमलकाकू.

"कोणाची वो तू? चोरासारखी मागून कायले आली?"

मी सगळं सांगितलं. बार्शी, बाबा, काडेपेटी, मोडलेली सोंड, सोमवार. त्या ऐकत होत्या आणि मधूनमधून माझ्या डोळ्यावर पाणी मारत होत्या.

"दवाखान्यात जा म्हटलं तर जाशीन?"

"आधी किडा, मग दवाखाना."

"अशीच मरशीन एक दिवस," त्या म्हणाल्या आणि मला ओसरीवर बसवून सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला. नर्सबाईंनी आणखी अर्धा तास पाणी मारायला सांगितलं आणि संध्याकाळी दाखवायला बोलावलं.

त्या अर्ध्या तासात मी त्यांचं ओसरीवरचं काम पाहिलं. दुकानातला गहू सुपात होता. सोंडा दिसला की काकू पिसाच्या टोकाने त्याला बाजूच्या मातीच्या गाडग्यात सारत. गाडग्यात मूठभर गहू होते, वर फडकं. गाडगं भरलं की ते आडवं करून मागच्या सावलीत ठेवायचं. मग त्यांचं ते पाहतात. आमची आई धान्य उन्हात पसरते आणि कोंबड्या सोडते. हे मी बोलले नाही.

"एक विचारतो," काकू म्हणाल्या. इकडे बायकाही बोलताना विचारतो, जातो म्हणतात. "तो सापडला तर तू त्याचं काय करशीन?"

खोटं बोलता आलं असतं. ज्यांनी माझा डोळा धुतला त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळली नाही.

"स्पिरिटात टाकावा लागतो, काकू. मग टाचणी."

त्यांचं सूप थांबलं.

"मग नाही."

सूप पुन्हा हलवत त्यांनीच पुढे म्हटलं, "पाहा, फोटो काढ, दिवसभर बस. मले काही नाही. मेलेला भेटला तर घेऊन जा, तो गेलाच. पण माह्या दारी जित्याले माराचं नाही. आणि झाडाले काठी नाही."

मी कबूल केलं. काठीऐवजी फांदी बोटांनी हलवायची, एवढं ठरलं. त्या दिवशी मी सगळी झुडपं पाहिली. बोंडांवर सोंडेने पाडलेली भोकं होती, कडेला वाळलेल्या चिकाचे थेंब होते. किडा तिथे राहतो याची खूण पानोपानी होती आणि किडा नव्हता. गळलेली बोंडं उकलली, मेलेला मिळेल म्हणून. अळ्यांची रिकामी घरं मिळाली. दुपारी काकूंनी मुगाचं वरण आणि कैरीची चटणी वाढली. कांदा-लसणाशिवाय वरण इतकं चवदार लागतं हे मला ठाऊक नव्हतं. पण खाताना माझं लक्ष मागच्या दाराकडेच होतं. संध्याकाळी नर्सबाईंनी डोळा पाहून मलम दिलं आणि उन्हात जाऊ नको म्हणाल्या.

शिरपूर, शनिवार

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. हे मला सकाळी सहाला, त्या झुडपांपाशी, आठवलं. तीन बायका पिशव्या घेऊन पानं तोडत होत्या. एकेक पान तोडताना अख्खं झुडूप हलत होतं, आणि खाली गुडघाभर वाळलं गवत. जे किडे पहाटे वर आले असतील ते आत्ताच खाली पडले असणार. त्यांना अडवणार कशी? रुई माझी नव्हती, मारुतीही सगळ्यांचा.

त्या गेल्यावर कुंपणाच्या कोपऱ्यातलं एकच झुडूप हात न लागलेलं उरलं. नऊला सलीमभाऊ आले. माझी बस मालेगावहून साडेदहाची होती.

"मॅडम, अर्धा तास. त्याच्या वर नाही."

मी छत्री उलटी धरली आणि पहिली फांदी बोटांनी हलवली. मुंग्या. दुसरी. एक कोळी. उजवा डोळा सारखा पाणी गाळत होता, म्हणून मी डाव्याने पाहत होते. चौथ्या फांदीला छत्रीच्या कापडावर टप असा आवाज झाला.

पिठूळ, फिकट करडा. सोंड लांब, वाकलेली, अखंड. पाय पोटाशी घेऊन तो उताणा पडला होता. मी छत्री अलगद जमिनीवर टेकवली.

काकू मागून आल्या आणि वाकल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, मेला. पडून मेला बिचारा." त्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज मऊ झाला. "आता काय करतं. तुह्या नशिबातला होता. घे, पोरी. मेलेला नेजो म्हटलंच होतं मी."

सलीमभाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांना गुरुवारी मीच सगळं समजावलं होतं. "टाका बाटलीत, चला," ते म्हणाले, पण हळू, आणि म्हणून झाल्यावर मान वळवून रस्त्याकडे पाहू लागले.

बाटली पिशवीतून माझ्या डाव्या हातात आली होती. बूच उघडलेलं होतं. मला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. काकूंनी स्वतः दिला होता. एकदा स्पिरिटात गेला की तो आधी जिवंत होता की मेलेला, हे जगात कोणाला कळणार नव्हतं. सोमवार डोळ्यांपुढे होता, ती यादी, ती ओळ. मी किती वेळ तशी उभी होते ते सांगता येत नाही. लाज वाटावी इतका वेळ, एवढं खरं.

मग मी बूच लावलं.

"काकू, हा मेला नाही. सोंग घेतो. थोडं थांबा."

आम्ही तिघं छत्रीभोवती उकिडवे बसलो.  किडा खड्यासारखा पडला होता. तीन मिनिटं झाली, चार झाली. पाचव्या मिनिटाला माझ्या मनात आलं की खरंच मेला असला तर, आणि तो मेलेला निघावा असं मला वाटत होतं, हेही लपवत नाही. तेवढ्यात सोंडेलगत दुमडलेली एक मिशी हलली. कोपरातून उघडली. मग एक पाय.

काकूंनी श्वास सोडला. "पक्का नाटक्या हाय लेकाचा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

त्या उठून आत गेल्या. मी समजले की रागावल्या. मी घाईघाईने भिंगातून पाहून वहीत चित्र काढलं: सोंडेची लांबी, मिशी कुठून निघते, पाठीवरचे पट्टे. फोटो घेतले, किडा चालत असल्याने निम्मे हलले. मग त्याला पानावर सोडलं. तो पानामागे गेला आणि दिसेनासा झाला.

काकू बाहेर आल्या त्या ताकाचा पेला घेऊन.

"मेलेला भेटला तर तुले कसा पायजे? नीट सांग."

"सोंड, पाय न मोडता. कापसात. आणि बरोबर चिठ्ठी हवी, काकू. गाव, झाड, दिवस आणि पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर तो नुसता कचरा." मी वहीचं पान फाडून त्यावर कॉलेजचा पत्ता लिहून दिला.

"किड्याचं बी एवढं लिहून ठिवतात?"

"ठेवतात."

"माणसाचं कोणी ठिवत नाही," त्या म्हणाल्या आणि रिकामा पेला घेऊन आत गेल्या.

सलीमभाऊंनी बस गाठून दिली.  मी चढत होते तेव्हा ते म्हणाले, "बरं केलं, मॅडम. मले झोप नसती आली."

परत आल्यावर

सरांनी चित्र पाहिलं, हललेले फोटो पाहिले. "चित्र चांगलं आहे," ते म्हणाले. "पण नमुना नाही." मी त्यांच्यासमोर पट्टी धरून ती ओळ खोडली. यादी सोमवारी गेली. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोतं हलकं झालं म्हणून रडू नये." मी रडले, पण फोन ठेवल्यावर.

पावसाळा लागल्यावर कॉलेजच्या पत्त्यावर एक पुडकं आलं. आत हिंगाची डबी होती, हिंगाचा वास अजून न गेलेली. डबीत कापूस, आणि कापसात तो. या वेळी मी त्याला पूर्ण एक दिवस ओल्या वाळूवर ठेवला, दुसऱ्या दिवशी श्वास रोखून टाचणी लावली. सोंड शाबूत राहिली. तज्ज्ञांनी नाव कळवलं, आणि सरांनी पुरवणी यादीत एका ओळीची जागा काढली.

नमुन्याखाली टाचणीला छापील चिठ्ठी टोचतात. तिच्यात पकडणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा चालत नाही. सरांनी विचारलं, तुझं नाव घालू का. मी विमलकाकूंचं सांगितलं. त्याच टाचणीला, छापील चिठ्ठीच्या खाली, डबीतली मूळ चिठ्ठीही मी घडी घालून लावली आहे. पेटी उघडणाऱ्याला ती वाचता येते. दुकानाच्या पावतीच्या पाठीवर, जाड निळ्या शाईत लिहिलं आहे:

"गाव शिरपूर. झाड रुई, मागच्या दाराची. सोमवारी सकाळी खाली पडलेला दिसला. मंगळवारी हालला नाही. बुधवारी बी नाही. गुरुवारी डबीत ठेवला. पकडला कोणी नाही."